चिलापी मरायला लागली? आधी तपासणी, मग खर्च; माशांच्या विषाणूची झटपट चाचणी कशी असते आणि कधी करायची

शेततळ्यात किंवा पिंजऱ्यात सकाळी चार-पाच मासे पोट वर करून तरंगताना दिसले, की पुढचा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. पहिल्या दिवशी कोणी फार मनावर घेत नाही. दुसऱ्या दिवशी वीस-पंचवीस निघतात. मग ओळखीच्या माणसाला फोटो जातो, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दहा जण दहा उपाय सांगतात आणि संध्याकाळपर्यंत दुकानातून एखादी बाटली, थोडी पावडर आणि जोडीला अँटिबायोटिक घरी येतं. मरतुक शेकड्यात गेली, की मग लक्षात येतं की मासे नेमके कशाने मरतायत, हे अजून कोणी तपासलेलंच नाही.

ही तपासणी महत्त्वाची अशासाठी, की रोग जिवाणूचा असेल तर योग्य औषधाचा काही उपयोग होऊ शकतो. रोग विषाणूचा असेल तर अँटिबायोटिकचा पैसा सरळ पाण्यात जातो. तळ्यात पसरलेला विषाणू मारून मासे बरे करणारं औषध बाजारात नाही. अशा वेळी शेतकऱ्याच्या हातात दोनच गोष्टी उरतात: विषाणू तळ्यात येऊ न देणं, आणि आलाच तर दुसऱ्याच्या तळ्यात जाऊ न देणं. या दोन्हींसाठी लवकर कळायला हवं. झटपट चाचण्या त्यासाठीच आहेत. पण त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची आणि काय नाही, हे आधी समजून घेतलं नाही तर चाचणी करूनही फसगत होते.

चिलापीवरचा विषाणू कोणता?

तिलापिया, म्हणजे आपल्याकडची चिलापी. उजनीच्या काठावरच्या इंदापूर, करमाळा, दौंड, माढा या तालुक्यांत हा मासा कोणाला नवा नाही. भिगवण आणि इंदापूरच्या बाजारात रोज चिलापीचे क्रेट उतरतात. त्याशिवाय गेल्या काही वर्षांत शेततळी, बायोफ्लॉकच्या टाक्या आणि जलाशयातले पिंजरे यांत 'गिफ्ट' म्हणून ओळखली जाणारी सुधारित चिलापी सोडली जाते. ती लवकर वाढते, काटे कमी असतात, थोड्या खराब पाण्यातही तग धरते. म्हणून 'चिलापीला रोग होत नाही' असा समजही पसरला.

तो समज खोटा ठरवणारा विषाणू म्हणजे 'तिलापिया लेक व्हायरस'. इस्रायलमधल्या गॅलिली सरोवरात चिलापीचं प्रमाण २००९ च्या सुमारास अचानक घटलं आणि तिथल्या तळ्यांतही मासे मरू लागले. त्यामागे एक नवा विषाणू आहे, हे शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये जाहीर केलं. त्यानंतर आशिया, आफ्रिका आणि अमेरिका खंडांतल्या अनेक देशांत तो सापडला. मे २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने चिलापी पाळणाऱ्या सगळ्या देशांना सावधगिरीचा इशारा दिला. भारतात २०१८ मध्ये पश्चिम बंगाल आणि केरळमधल्या चिलापीत हा विषाणू असल्याचं शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. त्या तळ्यांत १०० पैकी ८५ हून अधिक मासे दगावले होते.

हा विषाणू साधारण २२ ते ३२ अंश तापमानाच्या पाण्यात रोग घडवतो, म्हणजे आपल्याकडचं वर्षातल्या बहुतेक महिन्यांचं पाणी. लहान माशांना, म्हणजे बोटुकलीला आणि नुकत्या सोडलेल्या माशांना, तो जास्त मारतो. बीज सोडल्यापासून पहिल्या महिन्यातच मरतुक होत असल्याने काही देशांत या रोगाला 'एका महिन्याची मर' असंच नाव पडलं. मासे सुस्त होतात, खाद्यावर येत नाहीत, अंग काळपट पडतं, कातडीवर ओरखडल्यासारख्या जखमा दिसतात, डोळे बाहेर येतात किंवा पांढुरके होतात, काहींचं पोट फुगतं. मात्र यातलं एकही लक्षण फक्त याच विषाणूचं नाही. जिवाणूच्या रोगातही डोळे बाहेर येतात आणि पोट फुगतं. नुसतं बघून किंवा फोटो पाठवून निदान होत नाही ते यामुळेच.

प्रत्येक मरतुक विषाणूची नसते

चाचणीआधी पाणी तपासायला हवं, कारण आपल्याकडे मासे मरण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण विषाणू नसून ऑक्सिजन आहे. ढगाळ हवामान, जास्त खाद्य, हिरवंगार शेवाळलेलं पाणी असेल तर रात्रभर ऑक्सिजन घटत जातो आणि पहाटे तो सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडून हवा घेताना दिसतात. एकाच रात्रीत एकदम मोठी मर होते आणि त्यात मोठे मासे आधी जातात. ऊन चढलं की उरलेले मासे सावरतात. पाण्यात ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त असणं चांगलं. पहाटेच तो खूप खाली जात असेल तर आधी एरेटर चालू करायचा आणि खाद्य थांबवायचं.

विषाणूची मर वेगळ्या पद्धतीने चालते. पहिल्या दिवशी थोडे, दुसऱ्या दिवशी जास्त, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त, अशी ती चढत जाते. लहान मासे आधी जातात. दिवसा ऊन पडलं तरी फरक पडत नाही. आणि एक खूण फार उपयोगाची आहे. चिलापी कमी ऑक्सिजन रोहू-कटल्यापेक्षा चांगला सहन करते. त्यामुळे एकाच तळ्यात रोहू-कटला ठणठणीत आणि फक्त चिलापी मरत असेल, तर दोष पाण्याचा असण्यापेक्षा रोगाचा असण्याची शक्यता जास्त. उलट रोहू-कटला आधी मेले आणि चिलापी तग धरून असेल, तर पाणी आणि ऑक्सिजन आधी बघायला हवा.

म्हणून मरतुक सुरू झाली की रोजची नोंद ठेवावी. किती मेले, कोणत्या जातीचे, केवढे, पाण्याचं तापमान किती, बीज कधी आणि कुठून आणलं, खाद्य कधीपासून बदललं. वहीच्या एका पानावरची ही माहिती तज्ज्ञाला दहा फोटोंपेक्षा जास्त सांगते.

झटपट चाचणीचे प्रकार

कोरोनाच्या काळात दोन चाचण्या सगळ्यांनीच पाहिल्या. एक पंधरा-वीस मिनिटांत पट्टीवर रेघ दाखवणारी अँटिजेन, आणि दुसरी प्रयोगशाळेत जाणारी आरटी-पीसीआर. माशांच्या विषाणूंच्या तपासणीतही साधारण हीच विभागणी आहे. मधे आणखी एक तिसरा प्रकार आला आहे.

पहिला प्रकार पट्टीचा. माशाच्या अवयवाचा किंवा कल्ल्याचा छोटा तुकडा द्रावणात कुस्करून त्याचे काही थेंब पट्टीवर टाकतात. विषाणूच्या अंगावरची प्रथिनं पट्टीवर बसवलेल्या घटकांना चिकटली की रेघ उमटते. विजेची किंवा यंत्राची गरज नाही, बांधावर बसून करता येते. कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी अशा पट्ट्या बऱ्याच वर्षांपासून वापरात आहेत, आणि किनारपट्टीवरच्या कोळंबीपालकांना त्या परिचित आहेत. पट्टीवर दोन जागा असतात. 'सी' जवळची रेघ आलीच पाहिजे. ती आली नाही तर पट्टी खराब आहे किंवा थेंब नीट पडले नाहीत, आणि तो निकाल धरायचा नाही. 'टी' जवळ रेघ आली तर विषाणू आहे. ही पद्धत सोपी असली तरी तिची एक मर्यादा आहे: विषाणू भरपूर असेल तेव्हाच रेघ उठते. मासा आजारी पडला असेल तर ती पकडते. वरून ठणठणीत दिसणाऱ्या पण आत थोडा विषाणू बाळगणाऱ्या बोटुकलीत तिला काही दिसत नाही.

दुसरा प्रकार 'लॅम्प' नावाचा. २००० मध्ये जपानच्या शास्त्रज्ञांनी ही पद्धत मांडली. विषाणूच्या जनुकाचा एक ठरावीक तुकडा शोधायचा आणि त्याच्या कोट्यवधी प्रती करायच्या, हे काम पीसीआरही करतं. पण पीसीआरला त्यासाठी तापमान सारखं वर-खाली करणारं महागडं यंत्र लागतं. लॅम्पला ६० ते ६५ अंशांवर स्थिर राहणारी साधी गरम पेटी पुरते. अर्धा ते एक तासात छोट्या नळीतल्या द्रावणाचा रंग बदलतो. काही किटमध्ये गुलाबीचा पिवळा होतो. पिवळा झाला तर विषाणू आहे, गुलाबीच राहिला तर सापडला नाही. तिलापिया लेक व्हायरस आरएनए प्रकारचा असल्याने त्याच्यासाठी या पद्धतीत आधी आरएनएचा डीएनए करून घेणारी पायरीही जोडलेली असते. वेगवेगळ्या देशांतल्या शास्त्रज्ञांनी या विषाणूसाठी अशा चाचण्या तयार केल्या आहेत. पट्टीपेक्षा ही चाचणी बरीच बारीक आहे. पण काम स्वच्छ हवं. तपासणी झालेली नळी त्याच टेबलावर उघडली तर तिच्यातल्या प्रती हवेत मिसळतात आणि पुढचे सगळे नमुने खोटेच पॉझिटिव्ह येऊ शकतात. म्हणून ही चाचणी प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने करायची.

तिसरा प्रकार प्रयोगशाळेतला आरटी-पीसीआर. निकाल यायला वेळ लागतो, नमुना पाठवावा लागतो, पण शेवटचा शब्द आजही याचाच. झटपट चाचणी पॉझिटिव्ह आली तरी मोठा निर्णय घेण्याआधी पीसीआरने खात्री करतात.

दहा मासे तपासले, सगळे निगेटिव्ह. मग बीज चांगलं?

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. चाचणी कितीही चांगली असली तरी ती फक्त तपासलेल्या माशांबद्दल सांगते. तळ्यात सोडायचे असतात दहा हजार.

समजा, आलेल्या बोटुकलीत १०० पैकी फक्त २ माशांमध्ये विषाणू आहे. त्यातले १० मासे डोळे झाकून उचलले आणि अजिबात न चुकणारी चाचणी केली. तरीही त्या दहांत एकही लागण झालेला मासा नसण्याची शक्यता ८२ टक्के आहे. म्हणजे असे १०० व्यवहार झाले तर ८२ वेळा 'सगळं ठीक' असा निकाल हातात येईल आणि विषाणू तळ्यात उतरेल. ३० मासे तपासले तर ही चूक १०० पैकी सुमारे ५५ वेळा होते. ६० तपासले तर ३० वेळा. चूक ५ वेळांपर्यंत खाली आणायची असेल तर साधारण १५० मासे तपासावे लागतात.

लागण जास्त पसरलेली असेल तर कमी मासे पुरतात. १०० पैकी ५ माशांत विषाणू असेल तर साधारण ६०, आणि १०० पैकी १० माशांत असेल तर ३० मासे तपासले की बहुतेक वेळा पकड होते. माशांच्या आरोग्याची तपासणी करणारे जगभरातले लोक नमुन्याची संख्या याच हिशेबाने ठरवतात. खर्च कमी करण्यासाठी पाच-पाच माशांचे तुकडे एकत्र करून एक चाचणी करतात. १५० मासे असतील तर ३० चाचण्या होतात. पण पट्टीसाठी हा उपाय चालत नाही, कारण एका लागण झालेल्या माशातला विषाणू चार निरोगी माशांत मिसळून पातळ होतो आणि रेघ उठत नाही. लॅम्प आणि पीसीआरसाठी तो चालतो.

आजारी तळ्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. तिथे धडधाकट मासे उचलायचेच नाहीत. कडेला सुस्त पोहणारे, तोल गेलेले, अंग काळं पडलेले मासे निवडायचे. अशा माशांपैकी निम्म्यांत जरी विषाणू असला, तरी पाच मासे तपासले तर सगळेच निसटण्याची शक्यता १०० मध्ये ३ इतकी कमी होते. म्हणून मरतुकीचं कारण शोधायला पाच-दहा आजारी मासे पुरतात. बीज चांगलं आहे की नाही हे ठरवायला मात्र तेवढे पुरत नाहीत.

व्यापाऱ्याने पाच पट्ट्या दाखवल्या आणि 'टेस्ट केलेला माल आहे' असं सांगितलं, तर त्या पाच पट्ट्यांची किंमत किती, हे यावरून कळतं. विचारायचं ते एवढंच: किती मासे तपासले, कोणत्या पद्धतीने, कुठल्या प्रयोगशाळेत आणि कोणत्या तारखेला. आणि या बीजाच्या नर-मादींची तपासणी झाली आहे का. हा विषाणू आई-बापाकडून पिलांकडे जाऊ शकतो असं अभ्यासात दिसलं आहे. त्यामुळे बीजकेंद्रातल्या जनक माशांची तपासणी ही बोटुकलीच्या तपासणीइतकीच मोलाची आहे.

पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हचा अर्थ

निगेटिव्ह म्हणजे 'या माशांत, या चाचणीला, हा विषाणू सापडला नाही', एवढंच. एका विषाणूची पट्टी दुसऱ्या विषाणूबद्दल किंवा जिवाणूबद्दल काही सांगत नाही. स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूनेही चिलापी गोल-गोल फिरून, डोळे बाहेर येऊन मरते. तिलापिया लेक व्हायरसची चाचणी निगेटिव्ह आली आणि मरतुक चालूच असेल, तर तपास तिथे थांबवायचा नसतो. जिवाणूसाठी नमुना द्यायचा आणि प्रयोगशाळेने सुचवलेलंच औषध वापरायचं.

पॉझिटिव्हही दर वेळी खरं असतं असं नाही. एखादी चाचणी निरोगी माशांना १०० पैकी ९५ वेळा निरोगी म्हणत असेल, तर उरलेल्या ५ वेळा ती विनाकारण घाबरवते. मरतुक नाही, मासे खातायत, आणि एकच पट्टी पॉझिटिव्ह आली, तर लगेच तळं रिकामं करायची घाई नको. माशांची ने-आण मात्र त्याच क्षणी थांबवायची आणि पीसीआरसाठी नमुना पाठवायचा. मरतुक चढती असेल, लक्षणं जुळत असतील आणि पाच-सहा आजारी मासे पॉझिटिव्ह आले, तर शंकेला फार जागा राहत नाही.

नमुना बिघडला तर निकाल बिघडला

चाचणी चुकण्याचं कारण बऱ्याच वेळा चाचणीत नसतं, नमुन्यात असतं. मेलेला, फुगलेला, वास मारणारा मासा तपासणीला चालत नाही. मासा मेल्यानंतर उन्हात आरएनए लवकर नासतो. जिवंत पण आजारी मासा, किंवा अगदी नुकताच मेलेला, एवढंच घ्यायचं.

प्रयोगशाळा काही तासांच्या अंतरावर असेल तर मासे स्वच्छ प्लास्टिक पिशवीत घालून थर्माकोलच्या डब्यात बर्फावर ठेवून न्यावेत. अंतर जास्त असेल तर यकृत, प्लीहा, मूत्रपिंड आणि मेंदू यांचे छोटे तुकडे प्रयोगशाळेने दिलेल्या द्रावणात किंवा जास्त तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये ठेवतात. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला चालतो, विषाणूच्या या चाचण्यांना नाही. प्रत्येक तळ्याचा किंवा पिंजऱ्याचा नमुना वेगळा ठेवायचा आणि त्यावर तारीख, जागा, जात लिहायची. एका तळ्यातली कात्री न धुता दुसऱ्या तळ्यातल्या माशाला लावली तर निरोगी तळंही कागदावर आजारी ठरतं. महागडे जनक मासे मारून तपासणं परवडत नसेल तर त्यांच्या अंगावरचा चिकट स्राव घेऊन तपासणी करता येते का, हे प्रयोगशाळेला विचारावं. या विषाणूसाठी तशी पद्धत अभ्यासली गेली आहे.

पॉझिटिव्ह आल्यावर काय करायचं?

पहिली गोष्ट, त्या तळ्यातून जिवंत मासा, बोटुकली किंवा पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही. नुकसान भरून काढायला उरलेलं बीज स्वस्तात दुसऱ्याला विकायचा मोह होतो. तो एक व्यवहार अख्ख्या गावाला महागात पडू शकतो.

दुसरी गोष्ट, मेलेले मासे रोज काढायचे आणि पाण्यापासून लांब खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे. ओढ्यात, कालव्यात किंवा धरणात फेकायचे नाहीत, कुत्र्यांपुढे किंवा उघड्यावर टाकायचे नाहीत. तिसरी गोष्ट, जाळी, टब, बादल्या आणि गमबूट त्या तळ्यापुरतेच ठेवायचे. ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून उन्हात कडक वाळवल्याशिवाय ते दुसरीकडे वापरायचे नाहीत. चौथी, खाद्य कमी करायचं. एकूण खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा खाद्यात जातो, आणि आजारी मासे खात नसताना टाकलेलं खाद्य तळाशी कुजून ऑक्सिजन आणखी खातं. गर्दी असेल आणि पाणी खराब असेल तर विषाणूच्या जोडीला जिवाणूही चढतात, म्हणून एरेटर चालू ठेवायचा.

पिंजऱ्यांच्या बाबतीत तर प्रश्न एकट्याचा उरत नाही. शेततळ्याला चार बांध असतात, धरणातल्या पिंजऱ्याला फक्त जाळी असते. पाणी एकाच्या पिंजऱ्यातून दुसऱ्याच्या पिंजऱ्यात आणि तिथून मोकळ्या पाण्यातल्या माशांपर्यंत जातं. जपानमधल्या कासुमिगाउरा तलावात २००३ च्या ऑक्टोबरमध्ये पिंजऱ्यांत पाळलेल्या कार्प माशांना कोई हर्पिस विषाणूची लागण झाली आणि हजार टनांहून जास्त मासे मेले. तिथलं कार्पपालन काही वर्षं बंद ठेवावं लागलं. पुढच्याच वर्षी बिवा या दुसऱ्या मोठ्या तलावात मोकळ्या पाण्यातले कार्पही मोठ्या संख्येने मेले. तो विषाणू चिलापीचा नव्हता, पण धरणाच्या पाण्यात रोग शिरला की तो पिंजऱ्याच्या मालकापुरता राहत नाही, एवढं यातून दिसतं. ज्यांनी पिंजरा टाकलेला नाही, जे पिढ्यान् पिढ्या जाळं टाकून पोट भरतात, त्यांच्या मासेमारीवरही त्याचा परिणाम होतो.

खाणाऱ्याला धोका आहे का?

तिलापिया लेक व्हायरसची लागण माणसाला होत नाही, त्यामुळे बाजारातली ताजी, नीट शिजवलेली चिलापी खायला भीती नाही. पण मेलेले, सडलेले मासे विकणं वेगळं. तिथे धोका विषाणूचा नसून कुजण्याचा आहे. आणि रोगाच्या भीतीने भरमसाठ अँटिबायोटिक टाकून लगेच मासे विकले, तर औषधाचे अंश खाणाऱ्याच्या पोटात जातात. चाचणीने कारण कळलं तर हे औषध टाकण्याचीच वेळ येत नाही.

कुठे जायचं?

पहिला संपर्क जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी, म्हणजे सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्याशी. राज्यात मुंबईच्या वर्सोव्यातली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था, तसंच नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीची मत्स्य महाविद्यालयं इथे माशांच्या आरोग्याचे जाणकार आहेत. नमुना घेऊन थेट निघण्याआधी फोन करून त्या विषाणूची चाचणी तिथे होते का, नमुना कशात ठेवायचा आणि कोणत्या वारी आणायचा, हे विचारून घ्यावं.

जलचर प्राण्यांच्या रोगांवर देखरेख ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून सुरू असून त्याचा समन्वय लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे आहे. याच संस्थेने तयार केलेलं 'रिपोर्ट फिश डिसीज' हे मोबाइल ॲप २०२३ मध्ये सुरू झालं. त्यावर शेतकऱ्याला आजारी माशांचे फोटो आणि माहिती टाकून तज्ज्ञांपर्यंत पोचता येतं. फोटोवरून निदान होत नसलं तरी नमुना कुठे द्यायचा याची दिशा मिळते, आणि रोगाची नोंदही सरकार दरबारी होते. नोंद लपवली तर आपलंच नाव वाचतं असं वाटतं, पण शेजारच्या तालुक्याला सावध करायची संधी त्यात जाते. विमा घेतला असेल किंवा घ्यायचा असेल, तर रोगामुळे होणारी मरतुक त्यात धरली आहे का आणि दाव्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल लागतो का, हेही आधीच विचारून ठेवावं.

एकट्याला जमत नाही, पाच जणांना जमतं

१५० मासे तपासायचे म्हटलं की एका शेततळ्याच्या मालकाला ते झेपणारं वाटत नाही. पण आपल्याकडे बीज बऱ्याचदा एकाच गाडीतून येतं. बंगाल किंवा आंध्रातून निघालेल्या गाडीतली बोटुकली वाटेत पाच-सात गावांत उतरते. एकाच बीजकेंद्रातल्या, एकाच टाकीतल्या मालासाठी तपासणीही एकच पुरते, मग तो माल एका तळ्यात जावो की सात. त्यामुळे मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा बचत गट यांनी मिळून बीज घेतलं तर तपासणीचा खर्च वाटला जातो. 'पीसीआरचा अहवाल द्या, मगच गाडी भरा' असं एका शेतकऱ्याने म्हटलं तर व्यापारी दुसरं गिऱ्हाईक शोधतो. दहा जणांनी म्हटलं तर अहवाल येतो.

अहवाल आला तरी बीज थेट मोठ्या तळ्यात सोडू नये. शक्य असेल तिथे वेगळ्या टाकीत किंवा छोट्या तळ्यात दोन ते तीन आठवडे ठेवून पाहावं. लागण असेल तर ती बहुतेक वेळा याच दिवसांत डोकं वर काढते. अशा वेळी संशय आला तर पाच-दहा सुस्त मासे काढून तपासता येतात, आणि नुकसान झालंच तर ते एका टाकीपुरतं राहतं. बीज सोडण्याआधीची तपासणी, मग वेगळं ठेवणं, आणि मर दिसताच पहिल्या-दुसऱ्या दिवशी नमुना. या तीन ठिकाणी खर्च केलेला पैसा पाचव्या दिवशी दुकानातून आणलेल्या बाटलीपेक्षा जास्त कामाचा आहे.